२५६ मेगाबाइटचा बोर्ड, ५१२ मेगाबाइटचा कर्नल: एका ब्रिंग-अपचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ब्रिंग-अप म्हणजे नवा बोर्ड पहिल्यांदा चालू करून त्यावर सॉफ्टवेअर चढवण्याचं काम. एका छोट्या टीमने मोजमापाच्या उपकरणासाठी स्वतःचा बोर्ड तयार केला. प्रोसेसर एनएक्सपीचा आय.एमएक्स ६ यूएलएल: एकच कॉर्टेक्स-ए७ कोअर, १२८ किलोबाइट लेव्हल-२ कॅश, १६ बिटांची डीडीआर३ मेमरी बस. बोर्डवर ईएमएमसी (साठवणुकीची फ्लॅश चिप), एक इथरनेट पोर्ट, दोन सिरीयल पोर्ट आणि काही सेन्सर. सॉफ्टवेअर म्हणजे यू-बूट हा बूटलोडर (कर्नल मेमरीत आणून सुरू करणारा प्रोग्राम), त्यावर दीर्घकाळ पाठिंबा मिळणाऱ्या ६.१ शाखेतला लिनक्स कर्नल आणि एक छोटी रूट फाइलसिस्टम. उपकरण कसलं, टीम कुठली, हे इथे गाळलं आहे. तांत्रिक तपशील मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण या प्रकरणात सगळं महत्त्व त्यांनाच आहे.

बोर्डचा आराखडा प्रोसेसरच्या संदर्भ बोर्डवरून उचलला होता. ही रीत चांगलीच आहे. पॉवर सिक्वेन्सिंग आणि मेमरीच्या ट्रॅकची लांबी जुळवणं या कामांत सिद्ध आराखडा हाताशी असला की निम्मी धास्ती कमी होते. संदर्भ बोर्डवर ५१२ मेगाबाइटची मेमरी होती. या उपकरणाला तेवढी लागत नव्हती, म्हणून उशिरा, बोर्ड छपाईला जाण्याच्या थोडं आधी, २५६ मेगाबाइटची चिप घ्यायचं ठरलं. दोन्ही चिपांचं पॅकेज एकच, ९६ बॉलचं (चिपखालचे जोडणीचे गोळे). पायांची मांडणीही तीच. फरक एवढाच की मोठ्या चिपला ए१४ ही ॲड्रेस लाइन लागते. छोट्या चिपमध्ये तो बॉल कशालाच जोडलेला नसतो. त्यामुळे हार्डवेअर बघणाऱ्या इंजिनिअरच्या दृष्टीने ट्रॅकमध्ये काहीच बदलायचं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. बदलाची नोंद सुट्या भागांच्या यादीत झाली. यादी सॉफ्टवेअरच्या लोकांपर्यंतही गेली. कर्नल बघणाऱ्याने ती वाचून डिव्हाइस ट्रीतला (बोर्डवर काय काय आहे हे कर्नलला सांगणाऱ्या वर्णनातला) मेमरीचा नोड बदलला: आकाराच्या हेक्स २००००००० या आकड्याच्या जागी १०००००००, म्हणजे ५१२ च्या जागी २५६ मेगाबाइट. बूटलोडर दुसऱ्या माणसाकडे होता. त्याच्या फाइलीत मेमरीच्या आकाराचा आकडा असा कुठे उघड लिहिलेला नसतो, म्हणून त्याने काही बदललं नाही.

पहिली अडचण, जी लवकर सुटली

बोर्ड आले, व्होल्टेज तपासली, यू-बूट पहिल्याच दिवशी बोलू लागला. कर्नल सुरू केला तेव्हा मात्र ‘स्टार्टिंग कर्नल’ ही ओळ आली आणि पुढे सामसूम. स्वतःच्या बोर्डवर कर्नल चढवणाऱ्या प्रत्येकाला ही शांतता ओळखीची असते. बहुतेक वेळा कर्नल मेलेला नसतो, तो चुकीच्या पोर्टवर बोलत असतो. इथेही तेच निघालं. कन्सोल प्रोसेसरच्या तिसऱ्या सिरीयल पोर्टवर होता आणि डिव्हाइस ट्रीतल्या बूट आर्ग्युमेंटमध्ये पहिल्याचं नाव राहिलं होतं. कर्नलच्या कमांड लाइनवर अर्लीकॉन (अगदी सुरुवातीपासून संदेश दाखवणारा पर्याय) देऊन योग्य पोर्टचा पत्ता सांगितला, लॉग वाहू लागला, मग डिव्हाइस ट्री दुरुस्त झाला.

ही गोष्ट दोन ओळींत सांगण्यासारखी आहे, पण तिचा परिणाम लांबवर राहिला. इथून पुढे टीमच्या मनात बसलं की जे काही बिघडेल ते डिव्हाइस ट्रीतच असेल.

खरी अडचण

कर्नल शेलपर्यंत यायचा. कमांड चालायच्या, नेटवर्क पिंग व्हायचं. पण ईएमएमसीवर मोठं आर्काइव्ह उलगडायला घेतलं की काही वेळाने बोर्ड कोसळायचा, आणि दर वेळी वेगळ्या जागी. कधी पेजिंग रिक्वेस्ट हाताळता येत नसल्याचा ऊप्स (कर्नलच्या आतल्या चुकीचा अहवाल), कधी अनडिफाइन्ड इन्स्ट्रक्शन, कधी नुसताच जीझिपचा सीआरसी चुकल्याची तक्रार. एकाच फाइलचा एमडी५ (मजकुरावरून काढलेली खूण) दोनदा काढला तर दोन वेगळी उत्तरं यायची. स्टॅक ट्रेस कधी फाइलसिस्टममध्ये, कधी नेटवर्क ड्रायव्हरमध्ये, तर कधी शेड्युलरमध्ये दिसायचा.

कोसळण्याची जागा ठरलेली असती तर संशय त्या कोडवर गेला असता. जागा फिरती असेल तर मेमरी, पॉवर किंवा डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीत थेट लिहिणं-वाचणं), या क्रमाने बघावं असा माझा अनुभव आहे. टीमलाही मेमरीचाच संशय आला. पण मेमरीत नेमकं काय, हा प्रश्न त्यांनी फार लवकर अरुंद केला. मेमरी खराब म्हणजे सिग्नल खराब, असं सगळ्यांनी धरून चाललं.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय, प्रोसेसर बनवणाऱ्यांचा जुना कर्नल घ्यायचा. तो अनेकांनी या चिपवर चालवलेला आहे, हे त्याच्या बाजूचं. हा मार्ग अर्धा चालून झाला. जुन्या कर्नलवर बोर्ड जास्त वेळ टिकला आणि काही तास सगळ्यांना वाटलं की संपलं. मग तोही कोसळला. मेमरी वापरण्याचा क्रम बदलला की असा दोष सरकतो, नाहीसा होत नाही. या मार्गावर गेलेला वेळ मला सर्वांत वाया गेलेला वाटतो, कारण उत्तर काहीही आलं असतं तरी त्यातून कारण कळलं नसतं.

दुसरा, डीडीआरचा क्लॉक ४०० मेगाहर्ट्झवरून खाली आणायचा. हा प्रयोग चांगला होता. सिग्नलची कड निसटत असेल तर क्लॉक कमी केल्यावर दोष कमी व्हायला हवा. तसं झालं नाही, आधीइतकाच वारंवार कोसळत राहिला. हे उत्तर फार मोलाचं होतं. दोष वेगाशी बांधलेला नाही, म्हणजे ट्रॅक, टर्मिनेशन, कॅलिब्रेशन (सिग्नलच्या वेळांची जुळवणी) हे सगळे संशयित एकदम मागे पडायला हवे होते. पण टीमने याचा अर्थ ‘क्लॉक कमी करून उपयोग झाला नाही’ एवढाच घेतला.

तिसरा, मेमरीचं कॅलिब्रेशन पुन्हा करायचं. राइट लेव्हलिंग, रीड डीक्यूएस गेटिंग, वाचन-लेखनाचे विलंब, सगळं पुन्हा मोजलं. आकडे मधोमध, स्वच्छ. नव्या किमती टाकल्या, फरक शून्य.

चौथा, बोर्ड नव्याने छापायचा. हा पर्याय बैठकीत दोनदा आला. झेडक्यूचा २४० ओमचा रेझिस्टर आणि मेमरीची १.३५ व्होल्टची रेल तपासून झाली होती, ट्रॅकच्या लांबीही मोजल्या होत्या. तरी आशेने का होईना, नव्या बोर्डचा कार्यक्रम ठरण्याच्या बेतात होता.

मध्ये यू-बूटची मेमरी टेस्टही चालवली होती. ती निर्दोष आली. ती खालच्या भागातल्या काही मेगाबाइटपुरतीच चालली होती, हे तेव्हा कुणाला खटकलं नाही. टेस्टच्या अहवालात ‘पास’ लिहिलेलं असतं. कुठून कुठपर्यंत, हे विचारावं लागतं.

आणि एक गोष्ट. एकाने मेमरीच्या आकाराचा संशय व्यक्त केला होता, अगदी सुरुवातीलाच. त्याला उत्तर मिळालं की डिव्हाइस ट्रीत २५६ लिहिलेलं आहे, बघ. त्याने फाइल उघडली, १००००००० दिसलं. बिल्ड झालेली बायनरी डिकंपाइल करून पाहिली, तिथेही तेच. संशय रद्द झाला.

वळण

बोर्डवर मेमटेस्टर (मेमरी तपासणारा प्रोग्राम) निवांत चालवता यावा म्हणून कर्नल बघणाऱ्याने कमांड लाइनवर मेमरी १२८ मेगाबाइटपुरती मर्यादित केली. बोर्ड रात्रभर चालला. सकाळी आर्काइव्ह उलगडलं, तेही नीट. पहिला निष्कर्ष असा निघाला की चिपचा वरचा भाग खराब आहे. म्हणून मर्यादा २५६ वर नेली. तरीही सगळं ठीक.

हार्डवेअर बघणारी तेवढ्यात आली होती. बोलणं साधारण असं झालं:

“मर्यादा काढली की कोसळतो, २५६ दिली की चालतो.”

“अरे, पण मर्यादा काढली तरी २५६च आहे ना. बोर्डवर तेवढीच चिप आहे.”

“डिव्हाइस ट्रीतही तेवढंच आहे.”

“मग मर्यादा काढून लॉग काढ. कर्नल काय म्हणतोय ते बघू.”

लॉग काढला. सुरुवातीच्या ओळींतच मेमरीची ओळ होती, आणि तिरपी रेघ ओलांडली की पुढे ५२४२८८ किलोबाइट. म्हणजे ५१२ मेगाबाइट. मागे जाऊन यू-बूटचे शब्द पाहिले. प्रत्येक बूटच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीत ‘डीरॅम: ५१२’ लिहिलेलं होतं. संदर्भ बोर्डवर काम करताना तीच ओळ डोळ्यांत बसलेली, त्यामुळे ती कुणाला वेगळी दिसलीच नाही.

आता प्रश्न दोन झाले. फाइलीत २५६ असताना कर्नलला ५१२ कुणी सांगितलं? आणि नसलेल्या मेमरीत लिहिल्यावर लगेच का कोसळत नाही?

कर्नलला कुणी सांगितलं

पहिल्या प्रश्नाचं उत्तर धावत्या बोर्डवरच मिळालं. कर्नलला मिळालेला डिव्हाइस ट्री प्रॉक फाइलसिस्टममध्ये दिसतो. त्यातला मेमरी नोड हेक्सडंप केला तर आकार २००००००० निघाला. फाइलीत एक, कर्नलच्या हातात दुसराच. मधे यू-बूट होता. कर्नल सुरू करण्याआधी तो डिव्हाइस ट्रीतला मेमरी नोड स्वतःच्या माहितीप्रमाणे पुन्हा लिहितो.

यात यू-बूटचा दोष नाही. एआरएमवर मेमरी किती आहे हे बूटलोडरने सांगायचं हा करार डिव्हाइस ट्रीच्याही आधीचा आहे. तेव्हा ही माहिती ॲटॅग नावाच्या छोट्या नोंदींतून जायची. २०११ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्सने एआरएमच्या कोडमधल्या बोर्डागणिक वाढणाऱ्या पसाऱ्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली आणि त्यानंतर बोर्डांचं वर्णन सी फाइलींतून डिव्हाइस ट्रीत जाऊ लागलं. वर्णनाची जागा बदलली, पण मेमरीबाबत शेवटचा शब्द बूटलोडरचा राहिला. एकाच डिव्हाइस ट्रीवर कमी-जास्त मेमरीचे बोर्ड चालतात ते त्यामुळेच.

मग यू-बूटला कुणी सांगितलं? या प्रोसेसरच्या संदर्भ कोडमध्ये तो मेमरी कंट्रोलरची रजिस्टर वाचतो आणि रो, कॉलम, बँक यांच्या संख्येवरून आकार काढतो. चिपला तो काहीच विचारत नाही. आणि रजिस्टरमध्ये ते आकडे येतात डीसीडी नावाच्या तक्त्यातून, जो प्रोसेसरचा बूट रॉम यू-बूटच्याही आधी लागू करतो. तक्ता संदर्भ बोर्डचा होता, जसाच्या तसा. त्यात रोच्या १५ लाइन लिहिलेल्या. या बोर्डवरच्या चिपला १४ लागतात. रोचे १४, कॉलमचे १० आणि बँकचे ३ मिळून २७ बिट, प्रत्येक जागी २ बाइट: २५६ मेगाबाइट. रोचा एक बिट वाढवला की ५१२.

साखळी अशी होती: तक्ता, रजिस्टर, यू-बूट, डिव्हाइस ट्री, कर्नल. प्रत्येक दुव्याने मागच्यावर विश्वास ठेवला. फाइल तपासणाऱ्याने चौथा दुवा तपासला, तोही पुन्हा लिहिला जाण्याआधी.

लगेच का कोसळत नाही

ए१४ लाइन चिपमध्ये पोचतच नाही, म्हणून वरच्या अर्ध्या भागातला प्रत्येक पत्ता खालच्या अर्ध्यातल्या पत्त्यावर जाऊन पडतो. एकाच घराला दोन पत्ते असावेत तसं. टीमने हे यू-बूटमध्ये पाहायचं ठरवलं. हेक्स ८२०००००० आणि ९२००००००, दोघांत बरोबर २५६ मेगाबाइटचं अंतर. आधी दोन्ही जागा वाचल्या. मग पहिल्या जागी ११११११११ लिहिलं, दुसऱ्या जागी २२२२२२२२, आणि पहिली जागा पुन्हा वाचली. ११११११११ आलं. दोन्ही जागा वेगळ्याच दिसल्या.

इथे प्रकरण पुन्हा भरकटलं असतं. हार्डवेअर बघणारीनेच विचारलं, “कॅश चालू आहे का?” होती. यू-बूट डेटा कॅश चालू ठेवतो, आणि कॅशच्या दृष्टीने हे दोन खरोखरच वेगळे पत्ते आहेत. वाचलेली किंमत चिपपर्यंत न जाता कॅशमधूनच येत होती. डेटा कॅश बंद केली आणि तेच पुन्हा केलं. या वेळी पहिल्या जागी २२२२२२२२ दिसलं.

एवढ्या एका वाचनाने सगळ्या लक्षणांचा अर्थ लागला. कर्नल स्वतः तळाशी बसतो. बूटच्या वेळी लागणारी मेमरी तो वरच्या टोकाकडून घेतो. तिची सावली २५६ च्या थोडी खाली पडते, आणि तिथे सुरुवातीला कुणी नसतं. मोठं आर्काइव्ह उलगडलं की पेज कॅश (फाइलींचा मजकूर ठेवायला कर्नल वापरतो ती मेमरी) भरत जाते, वापरलेली पानं मधल्या सीमेजवळ पोचतात आणि ९००००००० च्या जरा वरचं पान लिहिलं की कर्नलचाच कोड पुसला जातो. नक्की कधी, हे कॅशमधली ओळ मेमरीत कधी परत जाते यावर ठरतं. म्हणून दर वेळी वेगळी जागा. क्लॉक कमी केल्याने फरक पडला नाही, कारण चूक वेळेची नव्हती, पत्त्याची होती.

काय केलं

कमांड लाइनवरची २५६ ची मर्यादा कायम ठेवून पुढे जायचं, हा मोह होता. बोर्ड चालत होता, वेळ कमी होता. टीमने तो नाकारला आणि तो निर्णय मला पटतो. यू-बूट स्वतःला मेमरीच्या वरच्या टोकाला हलवतो, म्हणजे तो तेव्हाही नसलेल्या भागातच राहिला असता. शिवाय कुणी पुढे बूट आर्ग्युमेंट बदलले की दोष परत येणार.

दुरुस्ती डीसीडीत झाली. कंट्रोलरच्या मुख्य रजिस्टरची किंमत ८४१८०००० होती ती ८३१८०००० केली, एक आकडा. सोबत चिप सिलेक्टचा शेवटचा पत्ता अर्ध्यावर आणला. टीआरएफसी, म्हणजे रिफ्रेशनंतर थांबायचा वेळ, ४ गिगाबिटच्या चिपला २६० नॅनोसेकंद आणि २ गिगाबिटच्या चिपला १६० असतो. तक्त्यात मोठ्या चिपचा होता. जास्त थांबल्याने डेटा बिघडत नाही, त्यामुळेच चुकीचा तक्ता असूनही खालचे २५६ मेगाबाइट इतके स्वच्छ चालत होते. तोही छोट्या चिपच्या डेटाशीटप्रमाणे केला आणि कॅलिब्रेशन नव्याने घेतलं.

यू-बूटमध्ये एक तपासणी घातली. रजिस्टरवरून काढलेला आकार तसाच न स्वीकारता, दोनच्या घातांवरच्या पत्त्यांवर लिहून-वाचून खरा आकार शोधणारं फंक्शन यू-बूटमध्ये तयार आहे. ते कॅश सुरू होण्याआधी चालवलं, आणि दोन आकडे जुळले नाहीत तर बूट तिथेच थांबेल असं केलं. कडक वाटेल, पण मेमरीचा आकार चुकलेला बोर्ड पुढे गेलेला काय करतो हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

निष्पत्ती

यू-बूटने २५६ सांगितलं, कर्नलच्या ओळीत २६२१४४ किलोबाइट आलं. ज्या आर्काइव्हवर बोर्ड कोसळायचा ते वारंवार उलगडलं, प्रत्येक फाइलचा एमडी५ जुळला. क्लॉक पुन्हा ४०० वर नेला. ६.१ शाखेचा कर्नल परत आणला. नव्या बोर्डची छपाई रद्द झाली.

वेगळं काय करता आलं असतं

चिप बदलल्याची नोंद यादीत होती, पण ती कुणाकुणाच्या फाइलीला लागते हे यादी सांगत नाही. मेमरीच्या चिपबाबत मी म्हणेन की बदल करणाऱ्याने बूटलोडरवाल्यापाशी बसून डीसीडीची प्रत्येक ओळ नव्या डेटाशीटशी ताडून घ्यावी. ट्रॅक बदलला नाही म्हणजे काही बदललं नाही, हा समज हार्डवेअरपुरता खरा आहे.

क्लॉक कमी करूनही दोष तसाच राहिला, तिथे सगळ्यांनी थांबायला हवं होतं. त्या प्रयोगाने वेळेशी संबंधित सगळी कारणं बाजूला केली होती, तरी त्यानंतर कॅलिब्रेशनवर बराच वेळ गेला. नकारार्थी उत्तराने काय काय बाद झालं हे फळ्यावर लिहिलं असतं तर उरलेलं कारण लवकर दिसलं असतं.

मेमरीची मर्यादा घालून पाहणं फुकटचं आहे, एका बूटचं काम. फिरत्या जागी कोसळणाऱ्या बोर्डवर ते पहिल्या तासात करावं, आणि मर्यादा अर्धी-अर्धी करत जावी. इथे ते अपघाताने झालं.

आकाराचा संशय ज्याने आधी घेतला होता त्याला फाइल दाखवून गप्प केलं गेलं. फाइल खरी होती, पण प्रश्न कर्नलला काय मिळालं हा होता. धावत्या बोर्डवरचा मेमरी नोड, प्रॉकमधला आयओमेम, बूट लॉगची मेमरीची ओळ, या तिन्ही जागा त्याला तेव्हाच उत्तर देऊ शकल्या असत्या.

पुढच्या आवृत्तीत दोन्ही चिपा चालाव्यात असं ठरलं आहे, जी मिळेल ती. त्यासाठी डीसीडी सोडून एसपीएल (यू-बूटचा छोटा पहिला टप्पा) घेतला जात आहे. एसपीएल प्रोसेसरच्या आतल्या रॅममधून चालतो, म्हणून तो आधी १५ रोंनी मेमरी सुरू करील, आकार मोजील आणि २५६ निघाला तर १४ रो लिहून पुन्हा सुरू करील. टीआरएफसी दोन्हींसाठी २६० ठेवायचा की आकाराप्रमाणे बदलायचा, यावर अजून एकमत झालेलं नाही. हार्डवेअर बघणारीचं म्हणणं २६०च ठेवावा असं आहे, आणि वेगाची एवढी निकड नसलेल्या या उपकरणात मलाही तेच योग्य वाटतं.